एका सुताचा फरक

डेनिझलीतल्या आमच्या कारखान्यात
टॉवेल एकेकटे जन्मत नाहीत.
मागावरून येतात ते सलग,
पाचशे मीटरचं एकच लांबलचक अंग,
आणि दर दोघांच्या मधे
चार बोटं जागा, जिथे धाग्यांचे फासे नाहीत,
ऊब नाही, फुगीरपणा नाही,
नुसतं उभं-आडवं सूत.
यंत्राला शोधायची असते ती जागा.
जिथे विणायचं जवळजवळ राहूनच गेलंय,
तिथे पातं उतरतं.

मी इथली मेकॅनिक. खिशात पोलादी पट्टी,
नखांत ग्रीस.
माझं काम एवढंच: कापड आणायचं, पोचवायचं.
ऐकायला सोपं आहे.
लोखंड ढकललं की जातं, लाकूड ढकललं की जातं,
कापड ढकललं की
स्वतःतच गोळा होतं.
ओढलं तर लांबतं, सोडलं तर आखडतं,
आणि काय झालं म्हणून बघायला जावं
तर सपाट पडून राहतं,
काही झालंच नाही असं.

म्हणून रूळ. म्हणून रुळांआधी तो झोळ,
मुद्दाम सैल सोडलेला, पोटासारखा लोंबणारा,
सगळा ताण तिथे येऊन विरावा म्हणून.
मग काठावर नजर ठेवणारा दिवा.
मग पट्टे, एक वर, एक खाली,
दोघांची चाल एकच हवी,
नाहीतर वरचा पदर पुढे, खालचा रुसून मागे.
पातं. चिमटे. आडवा प्रवास.
दुमड, टाके, पुन्हा दुमड.
कुणाचाही हात लागत नाही.

रोज दुपारी तीनच्या सुमाराला बिघडायचं.
एका सुताने. जास्त नाही.
पातं मोकळी जागा चुकवून फाशांत घुसायचं,
टॉवेलला कडेने मिशी फुटायची.
नेजातीने ताण बदलला. मी रूळ घासले.
जर्मनीत कंपनीला फोन लावला,
ते म्हणाले, हवेतला ओलावा मोजा.
दोन आठवडे मी ओलावा मोजत बसले.
पाच वाजले की सगळं आपोआप सुतासारखं सरळ,
आणि नेजाती माझ्याकडे असा बघायचा
की तीन वाजता मीच काहीतरी करते.

दुर्दाने आता गठ्ठे मोजते.
त्याआधी सत्तावीस वर्षं तिने कडा शिवल्या.
यंत्र यायच्या आधी कुणी दोघे आले होते,
तिच्या हातांचं चित्रीकरण करून घेऊन गेले.
त्याचं पुढे काय केलं, कळलं नाही.
चहाच्या सुट्टीत ती कोपरं टेकून बसते
आणि तिची बोटं टेबलावरच्या मेणकापडाचा काठ
थोडा थोडा पुढे सारत असतात.
तिला ते माहीत नाही.
मी सांगितलेलं नाही.

तिने विचारलं, तो दिवा बघतो तरी काय?
म्हटलं, कापडातून खाली उजेड किती झिरपतो ते.
दाट असेल तर कमी, विरळ आलं की जास्त.
ती वर बघत राहिली, ग्लासातली साखर ढवळत.
साखर कधीच विरघळली होती.
"मग तीन वाजता त्याला दोन दिवे दिसत असतील."

छपराच्या पत्र्यात एक काच आहे.
मार्च कलला की ऊन तिच्यातून आत यायचं,
नेमकं त्या पट्ट्यावर तिरकं पडायचं,
आणि यंत्र, बिचारं, डोळ्यात तेल घालून बसलेलं,
उजेडालाच जागा समजायचं.

शिडी लावली. चार खिळे.
एक नापास टॉवेल, पिवळा, मिशीवाला,
काचेखाली ठोकून टाकला.

अधूनमधून माल घेणारे येतात,
पांढऱ्या टोप्या घालून, कानांत बोळे.
नेजाती ओरडून अचूकतेचे आकडे सांगतो,
ते माना हलवतात, पात्याचे फोटो काढतात.
वर कुणी बघत नाही.

तीन वाजता तो टॉवेल पेटल्यासारखा होतो,
त्याची वीण न् वीण मोजता येईल इतका.
दुर्दानेचे ओठ थांबतात,
बेचाळीसवर,
मग त्रेचाळीस.