खसखस

वकीलबाई म्हणाल्या, नशीब समजा मावशी,
पन्नासच्या आत आहे.
अठराच ग्रॅम. पन्नासच्या वर गेलं असतं
तर जामिनाचं नाव काढायला वर्ष लागलं असतं.

मी मान हलवली.
गोळीबार चौकात बत्तीस वर्षं सावजी मसाला विकते मी.
अठरा ग्रॅम म्हणजे किती
हे मला कोणी सांगायला नको.
किलोभर मटणाला लागते तेवढी खसखस,
तव्यावर नुसती हलवायची,
रंग बदलायच्या आत उतरवायची.

अफूच्याच बोंडातली असते ती,
हेही त्यांनीच सांगितलं, फाईल बांधता बांधता.
माझ्या दुकानात तिचं पोतं उघडंच असतं.
कुठल्या हवालदारानं कधी विचारलं नाही,
उलट उधारीवर नेली.

तीन महिन्यांत मी शब्द शिकले.
रिमांड. मुद्देमाल. पंच. से.
से म्हणजे पोलिसांचं म्हणणं,
ते यायला चार तारखा गेल्या.
माझं म्हणणं कोणी मागितलं नाही
आणि बरंच झालं,
कारण काय म्हणणार होते मी?
की नवा फोन दिसला होता,
की रात्री दोनला गाडी बाहेर जायची,
की मी कूलरच्या आवाजावर ढकललं सगळं.

मग एका बुधवारी दीड मिनिटात झालं.
पन्नास हजार, एक ऐपतदार जामीनदार,
दर सोमवारी पाचपावली ठाण्यात हजेरी.
घर सासऱ्यांच्या नावावर, वाटण्या व्हायच्या.
दीर म्हणाले, वहिनी, पोरीचं जमून राह्यलं, आता नको.
प्रभाकर बारापात्रे आले,
यांच्यासोबत मागावर बसायचे ते.
घरटॅक्सची पावती दुधाच्या धुतलेल्या पिशवीत,
वर दोन रबर.

आरोपीला कधीपासून ओळखता?
त्याच्या पाळण्याची दोरी मी बांधली साहेब.
वर्षं सांगा.
चोवीस.
बाबूनं चोवीस लिहिले.

कागद वर्धा रोडला पोचला तेव्हा
जेलची पेटी उघडून झाली होती.
उद्या या.
मी भिंतीसमोर उभी राहिले, उगाच.
डोक्यावरून मेट्रो गेली, दिवे लागलेली,
आत माणसं आपापल्या फोनमध्ये.
एक रात्र आणखी.
नव्वदच्या पुढं मी मोजायचं सोडलं होतं,
पण ही एक मोजली, तासातासानं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर आला पलाश.
पायात दुसऱ्याच कोणाच्या चपला.
म्हणाला, आई, तू काहून आली एवढ्या उन्हात?
मी रडले नाही.
बाटलीतलं पाणी दिलं, ते गरम झालं होतं,
त्यानं सगळं पिलं.

ऑटोवाल्याला मी मागच्या गल्लीनं घ्यायला लावलं.
पुढून गेलं की कुंदा नंदनवारचं घर लागतं.
तिचा सुयोग तिसऱ्यांदा भरती आहे,
वजन अडतीस किलो.
कुंदा अजूनही मसाला माझ्याकडूनच नेते.
सुटे पैसे मोजून ठेवते काउंटरवर.
वर बघत नाही.

लोक आले. सुटला ना, म्हणाले, झालं तर मग.
कोणी पेढे आणले.
मी डबा फ्रिजवर ठेवला,
मुंग्या लागेपर्यंत तो तिथंच होता.

रविवारी टिमकीतल्या लग्नाची ऑर्डर होती,
दोनशे पुड्या, वीस वीस ग्रॅमच्या.
माझं बोट सुजलेलं.
तो म्हणाला, सरक, मी करतो.
काट्यासमोर बसला मांडी घालून,
लहानपणी बसायचा तसाच.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चमच्यानं उचलायचा, कागदावर सोडायचा,
घडी, घडी, दुमड.
दहाबारा पुड्यांनंतर
त्यानं काट्याकडं बघणं सोडलं.
मी एक पुडी उचलून हळूच ठेवून पाहिली.
वीस.
दुसरी. वीस.

बत्तीस वर्षांत माझा हात
इतका बसलेला नाही.

काय झालं? त्यानं विचारलं.
काही नाही, म्हटलं,
आणि पंखा बंद केला,
मसाला उडत होता.