कीकी

दांडिया बाजारात चष्म्यांच्या दुकानांमागे डॉक्टरांचा जिना,
सोळा पायऱ्या, कठडा डाव्या हाताला.
"वर बघा, काका," ती म्हणते, आणि थेंब
आधी गार, मग झोंबरा.
आता अर्धा तास असंच बसायचं.
बाहुली फुलत जाईल
आणि समोरच्या तक्त्यावरची गुजराती अक्षरं
दुधात पडल्यासारखी.

एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं,
व्याकरण कमी, शब्दांच्या कुळकथाच जास्त.
पोरं कंटाळायची. मी नाही.
प्युपिल, मी सांगायचो, लॅटिनमधली पुपिल्ला,
म्हणजे चिमुकली बाहुली.
कुणाच्याही डोळ्यात अगदी जवळून पाहा,
आत तुम्हीच उभे असता, तांदळाएवढे.
आपणही बाहुलीच म्हणतो की!
रोमला कुणी कळवलं होतं?

मागच्या बाकावरून एकदाच एक आवाज आला:
"सर, अमारे तो कीकी कहेवाय."
कीकी, डोळ्यातली.
कीकी, घरातली धाकटी पोरगीही.
मी इतका खूश झालो
की फळ्यावर तिन्ही शब्द लिहून पुढे बोलतच राहिलो,
आणि शब्दाचं दुसरं दार उघडलं,
आत कोण बसलंय न बघता.
प्युपिल म्हणजे विद्यार्थी, तो पुपिल्लुसवरून:
बाप नसलेलं, दुसऱ्याच्या हवाली केलेलं पोर.
"म्हणजे तुम्ही सगळे कायद्याने अनाथ!"
वर्ग हसला.
फाल्गुनी राणा, रोल नंबर त्रेचाळीस,
वहीत बघत राहिली.
तिच्या प्रगतिपुस्तकावर, पालकांच्या रकान्यात,
मामाची सही असे.
दर तिमाहीला मीच तपासलेली.

"झोंबतंय का, सर?"
सर.
मघापर्यंत काका होतो.

हनुवटी इथे. कपाळ पट्टीला.
उजेडाची एक उभी चीर, तिच्यामागे
कुणाचा तरी श्वास.
चेहरा दिसत नाही.
ती पाहतेय, इतक्या जवळून
की तिथे आत ती असणारच.
विचारावं का, आहे का गं कुणी?
पण बोललं की हनुवटी हलते.

मग कागद. माझ्यासाठी नुसता पांढरा.
"सोबत कोण आलंय?"
जिना मीच चढलोय, मी म्हणतो.
ती काही लिहिते, की लिहीत नाही,
टोपण लावल्याचा आवाज तेवढा येतो.
"उतरताना दिसणार नाही तुम्हाला."
कोपराला हात.
"कठडा आता उजवीकडे.
एक. बे. त्रण."