साठच्या अलीकडे

बाळ तेवीस दिवसांचं. नाव अजून ठेवलेलं नाही.
कार्डावर मी लिहिलंय: हुलिगेव्वाचा मुलगा.

सड्याच्या उतारावर, बंदराच्या रुळांना लागून
पत्र्याची चौथी खोली.
झबलं वर सरकवते,
घड्याळ मांडीवर उताणं ठेवते
आणि बाळाच्या पोटाकडे बघत बसते.
वर गेलं की एक.

दारात यमनूर मालगाडीचे डबे मोजतोय,
मोठ्यानं, कानडीत.
त्याच्या मूवत्तेंटूवर अडखळून
माझे अडतीस सांडतात.
पुन्हा पहिल्यापासून.
तसंही दोनदा मोजायचंच असतं,
रडून शांत झालेलं मूलही
थोडा वेळ भरभर श्वास घेतं.

चौसष्ट.
थांबून, बासष्ट.

एकोणसाठ असते तर कार्ड मिटून
मी पुढच्या खोलीत गेले असते.

"साठच्या वर आहे, बांबोळीला ने."
ती नाही म्हणत नाही.
फक्त विचारते, परतीची बस किती वाजता,
आणि यमनूरला कोण बघेल.
त्या वरांड्यात ती तीन रात्री झोपली होती
मधल्या मुलीच्या वेळी.
त्या मुलीचं कार्डही माझ्याच अक्षरात होतं.

मी डॉक्टर कुडतडकरांना फोन लावते.
पितोय? पितोय.
छाती आत ओढली जाते? नाही.
अंग तापलंय, गार पडलंय? नाही.
हालचाल?
माझं बोट धरून बसलाय, सोडत नाही.
मग तिथेच द्या, म्हणाले. पण लक्ष ठेवा.

अर्धी गोळी, चमच्यात आईचंच दूध,
विरघळेपर्यंत दम धरायचा.
सकाळ-संध्याकाळ, सात दिवस.
"आणि पिणं सोडलं, मलूल पडला,
तर माझी वाट बघू नकोस.
रात्र असली तरी नाक्यावरच्या पायलटला उठव."

तिला लिहिता येत नाही.
पत्र्यावरून बोट फिरवते. बोट काळं होतंच,
सकाळी पुसलेलं इथं दुपारपर्यंत काळं.
त्याच कोळशानं चुलीमागच्या भिंतीवर
एक रेघ ओढते.

त्या रात्री पेज वाढताना
माझे ओठ हलत होते.
सासू म्हणाली, कसला जप गं?

गुरुवारी गेले.
रेघा आठ.
हव्यात सात.
माझ्या घशाला कोरड पडली,
आणि हुलिगेव्वा हसली:
काल संध्याकाळची त्यानं लगेच ओकली,
परत दिली, म्हणून परत ओढली.
बघितलं तर खरंच, ती रेघ
दुसरीला चिकटून, जरा वाकडी.

अठ्ठेचाळीस.
पुन्हा मोजले, सेहेचाळीस.
"अजून सात डोस. बरा दिसला तरी."
मी बोटं दाखवते, ती बोटं दाखवते.

बाहेर गाडी गेली,
खोली हादरून थांबली, चमचा वाजला.
यमनूर धापा टाकत आत आला
आणि माझ्यासमोर उकिडवा बसून,
कानडीत नाही, माझ्या भाषेत, म्हणाला:
"सिस्टर, आज अठ्ठावन्न.
चालतं ना?"