डावा पाय

परभणीच्या उरुसात पहिल्या वर्षी मिळाला
तो अख्खा होता. एकाच साच्यातून ओतलेला,
हात वर-खाली, बस. मानसुद्धा वळायची नाही.
मन्मथनं आठ दिवसांत उघडून बघितला:
आत पोकळी, आणि एक शिट्टी.

दुसऱ्या वर्षी, आकाशपाळण्यामागच्या त्याच पालात,
पुठ्ठ्यावर तारेनं आवळलेल्या पाच गाड्या.
खालचं लिहिणं चिनी का जपानी, कुणाच्या बापाला ठाऊक.
झाकेर म्हणला, "जोडलं की माणूस व्हायलाय बघ."
साठ रुपये. प्रत्येकी बारा.

बारा रुपयांत सगळ्यांनाच डोकं पाहिजे होतं.
डोकं आणि छाती एकाच विमानात, ते झाकेरनं दाबलं,
कारण घासाघीस त्याच्या मामूनं केली.
मन्मथ आणि उत्तरेश्वर हात. शीलरत्न उजवा पाय.
मला उरलेला: पिवळा डंपर, एक चाक निखळलेलं.
"कुशे, तू डावा पाय,"
पंगतीत शेवटची बुंदी खरवडून वाढावी तसं म्हणले.

शीलरत्नच्या काकाच्या सीडीच्या दुकानात
एक शब्द न कळता आम्ही ते बघायचो.
राक्षस मरतो. मग बिल्डिंगीएवढा होऊन उठतो.
मग यंत्रं धावत येतात, खटाखट जुळतात,
आणि तिथं मला एक दिसलं, बाकीच्यांना नाही:
पायाचं यंत्र चालवणारी पायात राहत नाही.
जोडणी झाली की पाचही जणं
छातीतल्या एका खोलीत, एका रांगेत, खुर्च्यांवर.
खाली पाय एकटाच लाथ मारायलाय.

हे मी कुणाला सांगितलं नाही.

आता आयटीआयला फिटर ट्रेड शिकवते.
क्रम मला फार उशिरा लागला,
आपल्याकडं माल आला तसं आलं, शेंडा आधी, बूड नंतर.
तिकडं पहिल्यांदा नुसती पाच माणसं, लाथाबुक्क्या, यंत्र नाहीच.
मग एक अख्खा लोखंडी, जहाजाच्या पोटातून उतरणारा.
मग दोन तुकड्यांचा एक. तिनाचा. पाचाचा.
मग दोन अख्ख्यांचा मिळून तिसरा,
मग हात काढून भलताच हात.
तुकडे वाढले म्हणून खेळणी वाढली,
का खेळणी खपवायची म्हणून तुकडे, त्यात मी पडत नाही.
पुढचे पुढचे तर अंगानं इतके भरले
की चालणं सोडून जागेवरूनच तोफ डागायचे,
लग्नातल्या थोरल्या व्याह्यासारखे.

मी बारा वर्षांची झाले आणि आईनं
पोरांत जाणं बंद केलं.
कारण विचारलं तर म्हणली, कारण काय असतंय.
दोन रविवार डंपर माझ्या उशाला.
तिसऱ्या रविवारी गच्चीवरून, खाली झाकेरच्या ओट्यावर बघितलं:
डाव्या पायाच्या जागी टॉर्चचा जाडा सेल,
सुतळीनं बांधलेला.
उभा होता.
थोडा कलला होता, पण उभा होता.

उत्तरेश्वर हात घेऊन चाकणला गेला.
झाकेरकडची छाती घर बदलताना हरवली म्हणे,
मन्मथला काहीच आठवत नाही, फोनवर नुसता हसतो.
डंपर माझ्या टूलबॉक्समध्ये, व्हर्नियरखाली.
चाक मी केव्हाच बसवलं. वरची खुंटी मात्र झिजून गेलेली.
परवा लेथवर नवी काढली, पितळेची,
अंदाजानं साडेसहा मिलिमीटर.

"मॅडम, कोणत्या खाचेत बसायची?"
ड्रॉइंग नाही, म्हणलं.
त्या पोरानं कानस उचलली, कडा घासून दिली.
जरा जास्तच घासली.