सुरगाठ

थिएटरच्या दाराशी जमिनीवर पिवळी रेघ आहे.
रेघेच्या अलीकडे मी शमीम मुकादम,
पलीकडे नुसती टोपी, मास्क आणि दोन डोळे.

फेब्रुवारीत एका नव्या मुलीला
रेघेवरच अडवलं.
डोक्यावरचं काढ, आत चालत नाही.
चालतं.
धुतलेला साधा रुमाल चालतो, असं कागदावर आहे.
पण तो कागद ज्या फायलीत
ती फाइल कुणी उघडत नाही.

चेंजिंग रूममध्ये बाकावर बसली होती ती,
मुठीत टाचण्या, टोचत असूनही मूठ मिटलेली.
नाव वर्दा.
माझ्या लॉकरातला जादा रुमाल काढला
आणि तिच्या मानेमागे बांधला,
टाचणीशिवाय, सुरगाठ मारून.

दाभोळला अब्बा होडी बांधताना सांगायचे,
गाठ बघून कळत नाही, ओढून कळते.
निरगाठ सोडवायला सुरी लागते.
सुरगाठ ओझं आलं की आवळते,
टोक ओढलं की मोकळी.

ब्लॅकबर्नमधल्या माझ्या स्वयंपाकघरात
सहाजणींना बोलावलं, सांदणं केली चाळीस.
आल्या तिघी.
तस्लीम, मिडवाइफ, हसली की खुर्ची करकरते.
डॉक्टर फरहत, डोकं उघडं,
उंबऱ्यातच थबकून: मी चालेन ना?
आणि होदान, नऊ नंबर वॉर्डाची फरशी पुसणारी,
जिनं गेल्या रमजानात, नळाच्या पाण्यावर
रोजा सोडत होते तेव्हा,
माझ्या ओल्या तळहातावर खजूर ठेवला
आणि बादली उचलून चालू लागली होती.

फरहत म्हणाली, आधी नाव हवं, लेटरहेड हवं,
'व्यावसायिक स्त्रिया' असा शब्द हवा.
होदाननं कप बशीत ठेवला.
बस चुकेल, म्हणाली.
शेवटची बस साडेअकराची.
घड्याळात सव्वासात.
आम्ही तिला जाऊ दिलं.
तस्लीम खिडकीकडे बघत बसली
आणि मी, यजमानीण, सांदणं झाकून ठेवली.

मंगळवारी डबा घेऊन तिच्या दारी गेले
तर फुटपाथवर फरहत आधीच उभी.
मी बोलावलं नव्हतं.
बेल वाजवायचं धाडस तिला अजून झालं नव्हतं.
होदाननं दार उघडलं,
दोघींना खालपासून वरपर्यंत पाहिलं,
म्हणाली, बूट काढा.

लेटरहेड आजतागायत नाही.
कपाटातला तिसरा कप्पा आहे,
साठ अंशांवर धुतलेल्या रुमालांचा,
आत त्या फायलीतल्या कागदाची प्रत, घड्या पडून मऊ झालेली.
रात्रपाळीला कोण कुठे, याची यादी आहे,
होदानच्या अक्षरात, कारण सगळे मजले तिलाच माहीत.

एकदा पहाटे तीनला तस्लीमचा फोन आला.
कळा सुरू असलेली बाई म्हणाली होती, हिला नको, दुसरी पाठवा.
दुसरी नव्हतीच.
बाळ झालं, सव्वातीन किलो.
तस्लीम गाडीतून बोलत होती, म्हणजे बोलत नव्हतीच.
दहा मिनिटं मी काचेवरचे वायपर ऐकले.

मग नोव्हेंबरात
अंघोळ करताना काखेजवळ
माझ्याच बोटांना गाठ लागली.
हा शब्द आम्ही किती ठिकाणी वापरतो,
भेटलो तरी गाठ पडली म्हणतो.
कुणाला सांगणार नव्हते.
फरहतनं यादीत माझी रजा पाहिली
आणि काही न विचारता तपासणीची तारीख अलीकडे आणली.

पिवळ्या रेघेवरून मला ढकलत नेलं
तेव्हा बाहेर भिंतीशी होदान,
पाळी संपून तीन तास झालेली, बादलीवर बसून.
आत वर्दा.
तिनं माझे केस रुमालात घेतले,
मानेमागे तिची बोटं गार लागली.
मी डोकं जरा पुढे ओढून बघितलं.

भूल देणारा म्हणाला, आकडे मोजा.
मी आमच्या बोलीत मोजले.
सातपर्यंत आठवतं.