ढेकूळ

रोमात म्हणे वावराचा वाद
ढेकूळ होऊन कोर्टात जायचा.
दोघांनी त्यावर काठी टेकवायची,
दोघांनी म्हणायचं, हे माझं.
मग न्यायाधीश: सोडा, दोघंही.

लॉच्या वहीतून मी हे वाचून दाखवलं
तेव्हा उकंडमामा तंबाखू मळत होता.

दारव्ह्याच्या तारखेला मात्र
त्याच्या दुपट्ट्याच्या गाठीत धुऱ्याचं ढेकूळ.
साहेब रजेवर. पुढची तारीख संक्रांतीनंतर.
बाकावर शेजारीच प्रतिवादी, शेवंताबाई;
तिनं गाठ चाचपली.
"वली हाय. पऱ्हाटीले पानी देल्लं?"
"राती. लाइन रातीच येते."
"माह्याइकडेबी."

एसटी उशिरा आली.
ढेकूळ त्यानं फेकलं नाही.
अंधारात धुऱ्यावर नेऊन ठेवलं,
कुणाच्या अंगाला
ते मी पाहिलं नाही.