टाकी

सकाळी अंबाझरीच्या पाण्यावर
रंग पसरले होते, तेलकट.
फिरायला आलेल्या दोघांनी फोटो काढले.
डोमाजीकाकानं वाकून वास घेतला,
म्हणाला, "पेट्रोल होय बे. काडी नको ओढू कोणी."
बिडी त्याच्याच कानावर होती.

नळी तोंडात धरून मी ओढलं.
एक घोट आलाच जिभेवर,
मग दिवसभर चहासुद्धा पेट्रोलचा.
साडेअकरा लिटर निघालं.
काल भरलेलं वीस. पावती खिशात.
बाकीचं तलावानं प्यालं,
त्याच्याकडून कोण वसूल करणार?

भोक काही सापडेना.
पत्रा पुसला, साबणाचं पाणी लावलं, फुंकलं.
बुडबुडा आला तो पट्ट्याखाली,
टाकी हलू नये म्हणून
मीच जिथं करकचून आवळली होती.
तिथंच ओल बसून राहिली सहा वर्षं.
मोहरीएवढं भोक.

जगनाडे चौकात अकील मिस्त्रीनं
टाकीला हातही लावला नाही.
"पाणी भरून ठेव तीन दिवस.
भरलेली नाही भडकत, रिकामी भडकते."
डावी भुवई नाही त्याला.
मी कधी विचारलं नव्हतं.

आता टाकी दारात, पाण्यानं काठोकाठ,
शेजारची म्हैस येऊन हुंगते, मान झटकून निघून जाते.
आणि तिकडे तलावावर काका
मोटरच्या बोटीला वल्हं मारतोय,
चार सवाऱ्या बसवून, अर्ध्या भाड्यात.
मधेच थांबतो, पाणी हुंगतो,
कानावरची बिडी चाचपतो,
पेटवत नाही.